निवृत्तिनाथांचे चरित्र रॉक संगीतातून रंगमंचावर आणताना

त्र्यंबकेश्वराहून पंढरपूरला निघालेली संत निवृत्तिनाथांची पालखी ज्येष्ठात नाशिक शहरातून सिन्नरच्या दिशेने जाते. काही वर्षांपूर्वी ती पाहायला आमच्या बँडमधला ड्रमवादक माझ्यासोबत आला होता. एका दिंडीत टाळांचा एकच ठेका धरलेला होता, मधोमध पखवाज चालला होता आणि वारकरी पावल्या टाकत पुढे सरकत होते. तो मुलगा बराच वेळ त्यांच्या पायांकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "काका, ठेका माझ्या हातात आहे, पण त्यावरचे शब्द मला येत नाहीत." आमचे नाटक तिथून सुरू झाले. ते उभे करताना जे शिकायला मिळाले, ते अशा प्रयोगाच्या विचारात असलेल्या हौशी मंडळांच्या उपयोगी पडावे, म्हणून कामाच्या क्रमाने पुढे मांडले आहे.

चरित्राचा कोणता भाग घ्यावा

जन्मापासून समाधीपर्यंतचे सगळे प्रसंग अडीच तासांत बसवण्याचा मोह प्रत्येकालाच होतो. तसे केले की प्रसंगांची माळ तयार होते आणि प्रत्येक गाणे आधीच्या गाण्यासारखेच वाटू लागते. रॉक संगीताला ताण लागतो, आणि ताण एखाद्या नात्यातूनच येतो. म्हणून संहितेला हात घालण्यापूर्वी एकच नाते निश्चित करावे आणि त्या नात्याशी संबंध नसलेला प्रसंग, तो कितीही लोकप्रिय असला तरी, बाजूला ठेवावा.

निवृत्तिनाथांच्या बाबतीत ते नाते थोरल्या भावाचे आहे. परंपरेनुसार त्यांचा जन्म १२७३ चा, ज्ञानेश्वरांचा १२७५ चा, सोपानदेवांचा १२७७ चा आणि मुक्ताबाईंचा १२७९ चा. वडील विठ्ठलपंत संन्यास घेऊन पुन्हा गृहस्थाश्रमात आले म्हणून घर वाळीत पडले, आणि आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतल्यावर तीन धाकट्या भावंडांचा भार याच मुलावर आला. ब्रह्मगिरीच्या गुहेत गहिनीनाथांकडून त्यांना अनुग्रह मिळाला आणि तो त्यांनी ज्ञानेश्वरांना दिला. नेवाशाला १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेव्हा समोर गुरू म्हणून हा मोठा भाऊच बसला होता. पुढे १२९६ च्या कार्तिकात आळंदीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली, त्यानंतरच्या मार्गशीर्षात सासवडला सोपानदेवांनी, १२९७ च्या वैशाखात तापीकाठी मुक्ताबाई अंतर्धान पावल्या, आणि ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांनी देह ठेवला. ज्याने वाट दाखवली त्यानेच आठ महिन्यांच्या आत तिन्ही धाकट्यांना निरोप दिला. एवढा एक धागा धरला की नाटकाचा कणा हाती येतो.

वाचनाची सुरुवात नामदेवांच्या आदि, तीर्थावळी आणि समाधी या प्रकरणांतील अभंगांपासून करावी. ज्ञानेश्वरांच्या समाधीच्या वेळी निवृत्तिनाथांची झालेली अवस्था नामदेवांनी बांध फुटलेल्या तळ्याच्या प्रतिमेतून सांगितली आहे, आणि एरवी स्थिर असलेला हा गुरू तिथे पहिल्यांदा ढळतो. सोबत ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरीस आलेली आदिनाथांपासूनची गुरुपरंपरा, तसेच निवृत्तिनाथांचा स्वतःचा हरिपाठ आणि अभंग वाचावेत. वाचताना एक वही दोन रकान्यांची करावी. एका रकान्यात ग्रंथाच्या आधाराने सांगता येईल ते लिहावे, दुसऱ्यात लोककथा लिहावी. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ आला आणि निवृत्ती आईवडिलांपासून दुरावला, ही कथा दुसऱ्या रकान्यातली आहे. ती वापरायला हरकत नाही, परंतु रंगमंचावर ती कथा म्हणूनच यावी, दिंडीतल्या एखाद्या म्हाताऱ्याच्या तोंडून यावी.

नाशिककरांना आणखी एक सोय आहे, ती म्हणजे त्र्यंबक जवळ आहे. संपूर्ण संचाला एकदा तरी समाधिमंदिरात आणि ब्रह्मगिरीवरच्या गंगाद्वाराच्या पायऱ्यांवर न्यावे, शक्य असल्यास पौष वद्य एकादशीच्या यात्रेत न्यावे. आमच्या निवृत्तीचे काम करणाऱ्या मुलाने संवाद पाठ केले होते, पण गंगाद्वाराहून उतरताना दमलेल्या लहान बहिणीला त्याने पाठीवर घेतले, आणि त्या दिवसानंतर त्याच्या खांद्यांची ठेवणच बदलली. दिग्दर्शनाने ते साधले नसते.

रॉक कुठे आणि का

या टप्प्यावर घाई करू नये. भक्तिगीताखाली ड्रम आणि गिटार वाजवले म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्यांचे प्रयोग पंधराव्या मिनिटाला थकतात. कथेतला कोणता भाव या वाद्यांशिवाय पोहोचणारच नाही, हे आधी ठरवावे लागते.

आम्हाला त्याचे उत्तर मुक्ताबाईंच्या ताटीच्या अभंगांत सापडले. लोकांच्या निंदेने व्यथित होऊन ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसले आणि धाकट्या बहिणीने बाहेरून त्यांची समजूत घातली, असा तो प्रसंग. त्यात ती म्हणते, "विश्व रागें झाले वन्ही । संतें सुखें व्हावें पाणी." जग रागाने आग झाले, तर संताने पाणी व्हावे. या एका ओळीने आमच्या सगळ्या संगीताची वाटणी करून दिली. विकृत ध्वनीची (डिस्टॉर्शन लावलेली) गिटार, ड्रम आणि बेस ही वाद्ये वन्हीची ठरली: 'संन्याशाची पोरे' म्हणून हिणवणारा गाव, पैठणची सभा, आईवडील गेल्यावर ज्ञानेश्वरांच्या मनात उसळलेला संताप. वीणा, टाळ, पखवाज आणि उघडा आवाज ही पाण्याची बाजू झाली. निवृत्तिनाथ पहिल्या अंकात एकदाही गिटारवर गात नाहीत. दुसऱ्या अंकात, आळंदीच्या समाधीनंतर, आग त्यांच्याच आवाजात शिरते आणि तेव्हाच प्रेक्षकांना तिची धग कळते.

आपला संत वेगळा असेल तर वाटणीही वेगळी असेल. चोखोबांच्या चरित्रात गिटार कदाचित संताच्याच बाजूने उभी राहील. मात्र वाटणी असावीच, आणि ती प्रत्येक वादकाला एका वाक्यात सांगता यावी.

नाशिकमध्ये हमखास येणारी एक सूचना म्हणजे ढोल. नाशिक ढोलाचा आम्हा सर्वांनाच अभिमान आहे, तरीही बंदिस्त नाट्यगृहात तो ड्रमच्या जोडीने वाजवू नये. दोन्हींचा जोर खालच्या सुरांत आहे, ते एकमेकांना गढूळ करतात आणि गाणारा बुडतो.

संहितेची चौकट

चौकट बाहेर शोधायची गरज नाही. वारकरी कीर्तनात एक अभंग निरूपणाला घेतात, मागे टाळकरी उभे असतात, बाजूला पखवाज असतो आणि कीर्तनकार कथेत शिरून पुन्हा अभंगावर परततो. हीच चौकट आम्ही ठेवली: टाळकऱ्यांच्या जागी वृंद, त्यांच्या मागे उंचवट्यावर बँड, आणि निरूपणकार म्हणून नामदेव. संवाद कमी ठेवावेत. प्रसंगाचा निर्णायक क्षण गाण्यातच घडावा, नाहीतर गाणे म्हणजे कथेतला थांबा होऊन बसते. मूळ अभंग आणि नव्याने लिहिलेली पदे यांची भाषा वेगळी राहू द्यावी. तेराव्या शतकाची नक्कल करणारी नवी ओळ जाणकाराला लगेच खुपते, म्हणून नवी पदे आजच्या साध्या मराठीत लिहावीत.

अभंग ठेक्यावर बसवणे

मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरांची चार चरणांतली मांडणी असते आणि यमक बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला असते. तुकोबांचा सर्वांना पाठ असलेला अभंग मोजून पाहावा: सुंदर तें ध्यान, उभें विटेवरी, कर कटावरी, ठेवोनियां. शेवटचा चरण आखूड असल्यामुळे तिथे आपोआप मोकळी जागा मिळते. त्या जागेत गिटारचा तुकडा बसतो. पहिल्या तीन चरणांच्या अंगावर मात्र तो चढवू नये, कारण यमक ऐकू आले नाही तर अभंग अभंग राहत नाही. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे चरण असतात. 'विश्व रागें झाले वन्ही' ही आठ अक्षरे आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात सहज मावतात आणि चार ठोक्यांच्या रॉक तालातही दुपटीने मावतात. दोन्ही संगीतांना जोडणारा पूल हाच आहे.

अडचण आघाताची येते. रॉकमध्ये स्नेअरचा, म्हणजे ड्रमसंचातल्या कडक आवाजाच्या ड्रमचा, फटका दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर पडतो. तो फटका शब्दाच्या दुबळ्या अक्षरावर पडला, तर 'सुंदर'मधला 'र' उसळतो आणि शब्द मोडल्यासारखा ऐकू येतो. यासाठी आम्ही पुढील पद्धत वापरली. प्रथम गायकाने ओळ चाल न लावता, बोलल्यासारखी म्हणायची. सर्वांनी ऐकून कोणत्या अक्षरांवर भार येतो ते कागदावर खुणेने दाखवायचे. मग ड्रमवादकाने फक्त मांडीवर ताल धरायचा आणि गायकाने ओळ अर्धा ठोका पुढे-मागे सरकवून पाहायची. जिथे भाराची अक्षरे फटक्याशी जुळतील तिथे ओळ पक्की करायची. काही ओळी कुठेच जुळत नाहीत. तिथे स्नेअर काढून टाकावा आणि पखवाजावर ओळ सोडून द्यावी. चाल नंतर आली तरी चालते.

लयीचाही एक हिशेब आहे. 'वन्ही', 'व्हावें', 'ब्रह्म' अशा जोडाक्षरांना तोंडात वेळ लागतो. आमच्या गायकांच्या बाबतीत मिनिटाला १२० ठोक्यांच्या पुढे ही अक्षरे खाल्ली जाऊ लागली, म्हणून वेगवान भाग आम्ही नव्या पदांना दिले आणि संतवाणी त्याखालच्या लयीत ठेवली.

सूर जुळवणे

भजनी मंडळी पेटीच्या काळ्या पट्ट्यांवरून काळी एक, काळी दोन असे बोलतात आणि गिटारवादक ई, ए, डी असे बोलतात. पहिल्याच तालमीत यावरून अर्धा दिवस जाऊ शकतो. त्यावर सोपा तोडगा असा की दोन्ही गिटार आणि बेसच्या सर्व तारा अर्ध्या सुराने खाली उतरवाव्यात. मग गिटारची सहावी मोकळी तार काळी दोनला येते, पाचवी काळी चारला आणि चौथी काळी एकला. पुरुष गायक बहुधा काळी एक किंवा दोनमध्ये आणि स्त्री गायिका काळी चारच्या आसपास गातात, त्यामुळे निवृत्ती आणि मुक्ताई दोघांनाही मोकळ्या तारेचा भरीव षड्ज मिळतो. पखवाजही त्याच सुरांत लावता येतो.

स्वरसंगतीच्या बाबतीत पॉवर कॉर्ड आपल्या फार उपयोगाची आहे. तिच्यात षड्ज आणि पंचमच असतात, गंधार नसतो. त्यामुळे वर भीमपलासातला कोमल गंधार लागो की यमनातला शुद्ध, गिटार त्याच्याशी भांडत नाही. शिवाय ध्वनी विकृत केल्यावर पूर्ण कॉर्ड चिखलासारखी होते, तर ही स्वच्छ राहते. मालकंसात मात्र पंचम वर्ज्य आहे. तिथे गिटारवादकाने सवयीने पंचम घेतला की रागाचे रूपच जाते, म्हणून षड्ज-मध्यमाची जोडी घ्यावी आणि ती कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून स्टँडला लावावी.

पखवाजाच्या डाव्या अंगाला ओली कणीक लावतात आणि उजव्या अंगाचा सूर गट्ट्यांनी वादी ताणून जुळवतात. रंगमंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेने कातडे ताणले जाते, सूर चढतो आणि कणीकही वाळू लागते. मागच्या खोलीत जुळवलेला पखवाज दुसऱ्या गाण्यापर्यंत गिटारपासून दूर गेलेला असतो. त्यामुळे तो त्याच दिव्यांखाली, प्रयोगापूर्वी पंधरा-वीस मिनिटे ठेवून, मग जुळवावा आणि मध्यंतरात पुन्हा तपासावा. कणकेचा ओला गोळा झाकून वादकाच्या हाताशी असावा.

तालीम

१९७० मध्ये 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' ही रॉक संगीतिका आधी ध्वनिमुद्रिका म्हणून आली आणि १९७१ मध्ये ब्रॉडवेच्या रंगमंचावर गेली. हा क्रम आपल्यालाही उपयोगी आहे. सर्व गाणी फोनवर का होईना, आधी मुद्रित करून प्रत्येक नटाला द्यावीत आणि महिनाभर कानावर पडू द्यावीत. त्यानंतर बँडशिवाय, फक्त टाळ आणि पेटीवर नाटक उभे करावे. पेटीवर जे नाटक उभे राहत नाही, ते ड्रमने राहत नाही. बँड शेवटच्या चार आठवड्यांत यावा, आणि भजनी मंडळाचे वादक व बँडचे वादक यांनी जमिनीवर, एकाच सतरंजीवर बसून किमान दोन तालमी कराव्यात. ज्येष्ठ पखवाजवादकाने तरुण ड्रमवादकाला बोल म्हणून दाखवले की निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

शब्द शेवटच्या रांगेपर्यंत नेणे

आमचा पहिला प्रयोग या एका बाबतीत फसला. संगीत दणदणीत झाले, टाळ्याही मिळाल्या. बाहेर पडताना नऊवारी नेसलेल्या एका आजी थांबल्या आणि म्हणाल्या, "दादा, वाजवलं छान, पण मुक्ताई काय म्हणाली ते काही कळलं नाही मला. तो अभंग मला सगळा पाठ आहे, तरी नाही कळला." ज्यांच्या ओठांवर तो अभंग आहे त्यांनाच तो परत देता आला नाही, याचे दुःख आम्हाला फार दिवस राहिले. नंतर ध्वनीची मांडणी मुळापासून बदलली.

शब्द ओळखू येतात ते मुख्यतः व्यंजनांमुळे, आणि व्यंजनांचा स्पष्टपणा साधारण २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. विकृत ध्वनीची गिटारही तिथेच गर्दी करते. म्हणून संतवाणी चालू असताना मिक्सरवर गिटारचा तो पट्टा खाली घ्यावा, गाणाऱ्याचा आवाज वाढवत बसू नये. टाळ आणि ड्रमच्या झांजा त्याहून वरच्या पट्ट्यात एकमेकांवर आदळतात. एका वेळी त्यातले एकच वाजेल असा नियम करावा. ड्रमच्या पुढे पारदर्शक आडोसा लावावा आणि गिटारचे अँप्लिफायर प्रेक्षकांकडे न वळवता आडवे किंवा मागे वळवून ठेवावेत. नटांना कपाळाजवळ किंवा गालावर बसणारे माइक द्यावेत. फेटा, पटका किंवा पदर त्यावर घासतो, त्यामुळे वेशभूषेची तालीम माइकसह करावी.

ध्वनितपासणी रिकाम्या सभागृहात होते आणि प्रयोग भरलेल्या. माणसे आणि कपडे वरचे सूर शोषून घेतात, तेव्हा भरल्या सभागृहात आवाज मंद वाटला तर पहिल्या गाण्यातच दुरुस्ती करता यावी म्हणून ते गाणे साधे ठेवावे. तपासणीच्या वेळी संहिता न वाचलेल्या एका ज्येष्ठ व्यक्तीला शेवटच्या रांगेत बसवावे आणि ऐकलेली ओळ लिहायला सांगावी. लिहिलेली ओळ चुकली तर गिटार खाली घ्यावी. हा निकाल अंतिम मानावा, गिटारवादकाची नाराजी पत्करूनही.

महाकवी कालिदास कलामंदिरासारखे मोठे सभागृह घेणार असाल तर एकाच सत्राच्या आरक्षणावर भागत नाही. बँडची मांडणी आणि तपासणी यांना चार तास लागतातच. आधीचे सत्रही घ्यावे आणि तो खर्च अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिहावा.

परवानग्या आणि हक्क

महाराष्ट्रात जाहीर प्रयोगापूर्वी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावे लागते. गाण्यांचे शब्द संहितेतच जोडावेत. संतचरित्र असल्यामुळे प्रमाणपत्र वेळेआधी हाती असणे आणि त्याची प्रत प्रयोगाच्या दिवशी सोबत असणे अधिकच गरजेचे आहे. मोकळ्या मैदानात किंवा गोदाकाठी प्रयोग करायचा असेल, तर ध्वनिक्षेपकासाठी पोलिसांची परवानगी लागते आणि रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. सायंकाळी साडेसहाला पडदा उघडला तरच मध्यंतरासह निश्चिंतपणे संपते.

संतांच्या शब्दांवर कोणाचा हक्क नाही, चालींवर मात्र असतो. आपल्या कायद्यानुसार संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत त्याच्या चालीचे हक्क राहतात. रेडिओवर ऐकलेली लोकप्रिय चाल 'पारंपरिक' समजून घेतली जाते आणि नंतर अडचण होते. चाल वारकऱ्यांच्या फडावरची, म्हणजे परंपरेने चालत आलेली आहे की एखाद्या संगीतकाराची, हे जुन्या भजनकऱ्यांना विचारून खात्री करावी, किंवा सरळ नवी चाल बांधावी.

भाविकांशी बोलणे

गिटारला विरोध होईल या भीतीने काही मंडळे वारकऱ्यांपासून तालमी लपवतात. आमचा अनुभव उलट आहे. आम्ही एका ज्येष्ठ कीर्तनकार महाराजांना घरी जाऊन विनंती केली आणि अर्ध्यावर आलेले नाटक त्यांच्यासमोर पेटीवर म्हटले. गिटारबद्दल त्यांनी एक शब्दही काढला नाही. त्यांनी तीन ठिकाणी अभंगाचा पाठ दुरुस्त केला, आणि वीणा जमिनीवर टेकवलेली पाहून आमच्या नटाला ती कशी धरायची आणि कशी दुसऱ्याच्या हाती द्यायची ते उभे राहून शिकवले. दिंडीत वीणा खाली ठेवत नाहीत, हे आम्हाला माहीत असायला हवे होते. तुळशीची माळ, बुक्का, गोपीचंदनाचा टिळा या गोष्टी वेशभूषेचे सामान म्हणून पेटीत कोंबू नयेत, त्यांना वेगळे तबक असावे. वाद्यांच्या तारा आणि केबल ओलांडताना टाळांना पाय लागणार नाही अशी जागा आखून घ्यावी. प्रेक्षकांतल्या कित्येकांचे लक्ष नेमके याच गोष्टींकडे असते.

मराठी संगीत नाटकाची पेटी मुळात युरोपातून आलेली आहे, आणि आज तिच्याशिवाय भजन सुचत नाही. शंका घेणाऱ्यांना हे शांतपणे सांगावे, आणि तालमीला बोलवावे.

शेवटचा प्रसंग

त्र्यंबकेश्वराच्या समाधीच्या प्रसंगी सर्वात मोठा आवाज असावा असे बँडला वाटते. वाटणी लक्षात ठेवली तर इथे आग विझलेली असते. आम्ही वाद्ये एकेक करून काढली: आधी ड्रम, मग बेस, मग गिटार, मग पखवाज, शेवटी टाळ. उरली ती वीणेची तार आणि गंगाद्वाराच्या पाण्याचा आवाज. हे करताना एक साधी गोष्ट राहून जाते. गिटारवादक थांबला तरी त्याचा अँप्लिफायर गुणगुणत असतो, आणि शांततेत ती गुणगुण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येते. म्हणून गिटार संपताच अँप्लिफायर स्टँडबायवर टाकायचा, बेसवाल्यानेही तसेच करायचे, आणि ध्वनिनियंत्रकाने रिकाम्या माइकांच्या पट्ट्या एकेक खाली आणायच्या, असे संहितेच्या प्रतीत त्या ओळीसमोरच लिहून ठेवावे. वीणा थांबल्यावर मनात आठ मात्रा मोजाव्यात, आणि त्यानंतरच पडदा सोडावा.